ड्रायसूटमधला आर्गॉन : ऊब, आकडे आणि एक निळा सिलिंडर

 

मी पेशानं मेकॅनिकल इंजिनिअर. नोकरी चेन्नईत. डायव्हिंग शिकलो अंदमानात आणि थंड पाण्यातलं डायव्हिंग पुढे उत्तर युरोपात. आता आपल्याकडून तिकडे डायव्हिंगला जाणाऱ्यांना तयारीत मदत करतो. त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो : “सर, सूटसाठी आर्गॉन घ्यायचा का?” आज या एका प्रश्नाचं उत्तर देणार आहे. ज्यांनी समुद्रात कधी डोकंही बुडवलेलं नाही त्यांनीही थांबावं, कारण आर्गॉन तुमच्या ओळखीचा आहे. जिन्याचं स्टीलचं रेलिंग बनवणाऱ्या कारागिराला विचारा, तो म्हणेल “आर्गन वेल्डिंग आहे साहेब, डाग पडणार नाही.” तोच हा वायू. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये तारेभोवती तोच असायचा. थंड देशांत खिडकीच्या दोन काचांमध्ये तोच भरतात. आपण प्रत्येक श्वासात तो घेतो, कारण हवेत तो जवळजवळ एक टक्का असतो.

आधी ड्रायसूट म्हणजे काय ते बघू. तारकर्लीला किंवा नेत्राणीला डायव्हिंग केलं असेल तर तुम्ही वेटसूट घातला असेल. त्यात पाणी आत येतं आणि अंगाच्या उबेनं थोडं कोमट होतं. आपल्याकडच्या पाण्याला तेवढं पुरतं. पण पाणी चार, सहा किंवा दहा अंशांवर असेल आणि तासन् तास आत राहायचं असेल तर वेटसूट कामाचा नाही. तिथे ड्रायसूट लागतो. हा मानेला आणि मनगटाला घट्ट बसतो, पाणी आत येऊ देत नाही. आत जाडसर गरम पोशाख घालायचा. खाली जाताना पाण्याचा दाब वाढतो, सूट अंगाला आवळायला लागतो. तेव्हा छातीवरचं बटण दाबून सूटमध्ये थोडा गॅस सोडायचा. वर येताना तो गॅस फुगतो, तो दंडावरच्या झडपेतून बाहेर जाऊ द्यायचा.

या सूटमध्ये ऊब कुठून येते? रबरातून नाही. हे समजायला रजई आठवा. जुनी, दबलेली, गाठी झालेली रजई अंगावर घेतली तर थंडी वाजते. तोच कापूस पिंजून घेतला की तीच रजई ऊबदार होते. कापूस तेवढाच, वजन तेवढंच. फरक पडतो तो कापसात अडकून बसलेल्या हवेचा. स्थिर हवा उष्णता फार हळू वाहून नेते. ड्रायसूटच्या आतल्या पोशाखाचंही काम हेच : गॅसचा एक थर हलू न देता धरून ठेवायचा.

आता आकडे. खोलीच्या तापमानाला हवेची उष्णतावाहकता सुमारे २६ एकक धरा. एककाचं नाव सोडून देऊ, आपल्याला तुलना हवी आहे. पाण्याची सुमारे ६००. म्हणजे पाणी हवेपेक्षा तेवीसपट वेगानं उष्णता ओढतं. आर्गॉनची सुमारे १८. म्हणजे हवेपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी. आणि हेलियमची? सुमारे १५०. हवेच्या जवळजवळ सहापट.

हेलियम मध्येच कुठून आला, असं विचाराल. साधारण चाळीस मीटरच्या खाली गेलं की हवेतला नायट्रोजन गुंगी आणतो. दारू चढल्यासारखं होतं, निर्णय चुकतात. म्हणून तांत्रिक डायव्हिंगमध्ये श्वासाच्या गॅसमधला बराचसा नायट्रोजन काढून त्या जागी हेलियम घालतात. ऑक्सिजन, हेलियम, नायट्रोजन अशा तिघांच्या मिश्रणाला ट्रायमिक्स म्हणतात. एक नेहमीचं मिश्रण घेऊ : १८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम, बाकी नायट्रोजन.

गंमत अशी की हे दोन्ही वायू एकाच माणसाच्या हाताखालून गेले. विल्यम रॅमसे आणि लॉर्ड रॅले यांनी १८९४ मध्ये आर्गॉन शोधला. दुसऱ्याच वर्षी रॅमसेनं पृथ्वीवरच्या एका खनिजात हेलियम सापडल्याचं दाखवलं. त्याआधी हेलियमची खूण फक्त सूर्यप्रकाशात दिसली होती. त्या शोधाची कथा १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणापासून सुरू होते. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी ते ग्रहण गुंटूरहून पाहिलं होतं, आणि आपल्या विजयदुर्गावरचे ‘साहेबाचे ओटे’ही त्याच कथेशी जोडले जातात. आर्गॉन हे नाव ग्रीक भाषेतल्या ‘आळशी’ या अर्थाच्या शब्दावरून आलं, कारण तो कुणाशी रासायनिक संबंधच ठेवत नाही. उष्णता वाहून नेण्यातही तो आळशी. त्याचा अणू जड आहे, सावकाश हलतो. हेलियमचा अणू हलका आणि चपळ, म्हणून उष्णता झटपट पलीकडे पोचवतो.

आता डायव्हरची अडचण लक्षात येईल. पाठीवर ट्रायमिक्स आहे. सूटची नळी त्याच सिलिंडरला जोडली तर सूटमध्ये काय जाईल? हेलियम. थोडा हिशोब करू. पृष्ठभागावर सूटमध्ये हवा आहे, दाब एक बार. ६० मीटरवर एकूण दाब सात बार. सूटचं आकारमान तेवढंच ठेवायचं तर सहा बार गॅस नव्यानं घालावा लागतो. म्हणजे सूटमधल्या गॅसचे सात भाग केले तर सहा भाग ट्रायमिक्स. त्यातला ४५ टक्के हेलियम धरला तर सूटमध्ये सुमारे ३९ टक्के हेलियम झाला. अशा मिश्रणाची वाहकता हवेच्या साधारण दुप्पट होते. तुम्ही रजई घातलीत आणि तिची ऊब निम्मी करून टाकलीत.

म्हणून तांत्रिक डायव्हर सूटसाठी वेगळा छोटा सिलिंडर नेतात. दीड लिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरला की त्यात ३०० लिटर गॅस मावतो. सूटमध्ये बारा लिटर जागा धरली तर ६० मीटरला जायला ७२ लिटर लागतात. म्हणजे भरपूर शिल्लक राहते. मग कुणीतरी म्हणालं, वेगळा सिलिंडर न्यायचाच आहे तर त्यात साधी हवा कशाला, आर्गॉनच भरू. १९९० च्या दशकात फ्लोरिडातल्या पाण्यानं भरलेल्या गुहांत लांबच लांब डायव्ह करणाऱ्यांमध्ये ही चाल रूढ झाली आणि तिथून जगभर गेली.

आता नीट ऐका. “आर्गॉननं फायदा होतो का?” या एका वाक्यात दोन प्रश्न लपलेले आहेत. पहिला : हेलियमच्या ऐवजी आर्गॉन बरा का? दुसरा : हवेच्या ऐवजी आर्गॉन बरा का? पहिल्याचं उत्तर निःसंशय होय. पण तिथे हवा वापरली असती तरी उत्तर होयच आलं असतं. हेलियम टाळल्याचं श्रेय आर्गॉनच्या खात्यात जमा होतं, ही खरी मेख आहे. ट्रायमिक्सवरून आर्गॉनवर आलेला डायव्हर म्हणतो, “काय फरक पडला!” पडला हे खरंच. पण त्यातला मोठा वाटा हेलियम गेल्याचा असतो.

दुसऱ्या प्रश्नाची माणसांवर चाचणी झाली आहे. नॉर्वेच्या रिस्बर्ग आणि होप या संशोधकांनी २००१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सूटमध्ये हवा आहे की आर्गॉन हे डायव्हरला कळू दिलं नव्हतं. फरक आढळला नाही. २०१३ मध्ये नेदरलँड्सच्या नौदलातल्या सात डायव्हरांवरचा अभ्यास आला. १३ अंशांच्या पाण्यात, तीन मीटर खोलीवर, एकेक तासाचे १९ डायव्ह. काहींत आर्गॉन, काहींत हवा, आणि इथेही डायव्हरला माहीत नाही. शरीराच्या आतलं तापमान गिळलेल्या छोट्या रेडिओ-गोळीनं मोजलं. दोन्ही गटांत तापमानात फरक नाही, आणि “किती थंडी वाजते?” या प्रश्नाच्या उत्तरांतही फरक नाही.

मग एक तृतीयांशाचा तो आकडा खोटा होता का? नाही, आकडा पक्का आहे. पण तो बाटलीतल्या शुद्ध आर्गॉनचा आहे. तुमच्या सूटचा नाही, तुमच्या शरीराचा तर नाहीच. मध्ये काय काय घडतं ते बघा.

एक, भेसळ. सूट घालताना आत हवा असतेच. मघाचाच हिशोब तीन मीटरला लावा. एकूण दाब १.३ बार. त्यात एक बार जुनी हवा, वरून घातलेला आर्गॉन फक्त ०.३. म्हणजे जेमतेम २३ टक्के. म्हणून आर्गॉन वापरणारे पाण्यात उतरण्याआधी सूट फुगवून, मग खाली बसून हातपाय आवळून रिकामा करतात, असं अनेक वेळा. ते न करता उथळ पाण्यात आर्गॉन वापरणं म्हणजे दुधात पाणी नव्हे, पाण्यात दूध. ६० मीटरला मात्र आपोआपच ८६ टक्के आर्गॉन होतो.

दोन, उष्णता जायला गॅस हा एकच रस्ता नाही. पोशाखाच्या धाग्यांतून ती जाते, किरणांच्या रूपानं जाते. हे रस्ते आर्गॉन अडवत नाही. आणि डोकं, हात, चेहरा हे सूटच्या त्या थराबाहेरच असतात. दहा खिडक्यांच्या घरात तीन खिडक्या बंद केल्यानं वारा थांबत नाही.

तीन, श्वास. प्रत्येक श्वासाबरोबर थंड गॅस आत जातो आणि कोमट होऊन बाहेर पडतो. खोलीवर गॅस दाट असतो, म्हणून ही गळती वाढते. सूटमध्ये काय भरलं आहे याच्याशी तिचा काहीही संबंध नाही. इथे एक गैरसमजही दूर करतो. हेलियम श्वासात घेतल्यानं शरीर जास्त गार पडतं असं पुष्कळ जण सांगतात. पण श्वासात प्रश्न वाहकतेचा नसतो. फुप्फुसांपर्यंत पोचेतो गॅस तसाही गरम होतोच. प्रश्न असतो तो गरम करायला किती उष्णता लागली याचा. तेवढ्याच आकारमानाचा हेलियम गरम करायला नायट्रोजनपेक्षा कमी उष्णता लागते. तोच वायू सूटमध्ये वैरी आणि श्वासात निरुपद्रवी, कारण दोन ठिकाणी प्रश्न वेगळे आहेत.

आता अभ्यासांच्या बाजूनंही प्रामाणिक राहू. डच नौदलाच्या चाचणीत कुणाचंही आतलं तापमान खाली आलं नव्हतं. चांगला सूट आणि लोकरीचा पोशाख तासाभराला पुरेसा ठरला. जिथे हवेनंच काम भागलं तिथे आर्गॉनला फायदा दाखवायला जागा उरत नाही. चार अंशांच्या पाण्यात तीन-चार तासांच्या खोल डायव्हला तिथला निष्कर्ष जशाचा तसा लावता येणार नाही. तिथे आर्गॉननं थोडाफार फायदा होणं भौतिकशास्त्राला धरूनच आहे. पण त्या चाचणीनं एक गोष्ट स्वच्छ सांगितली : ऊब मुख्यतः पोशाखातून येते.

आता कुणी म्हणेल, थोडी थंडी वाजली तर काय बिघडतं? सोसावी. पण इथे मुद्दा नुसत्या कुडकुडण्याचा नाही. खोल पाण्यात शरीरात वायू विरघळतात. वर येताना ठरावीक खोलीवर थांबून ते हळूहळू बाहेर पडू द्यावे लागतात. यालाच डीकम्प्रेशन म्हणतात. घाई झाली तर रक्तात आणि ऊतींत बुडबुडे होतात. सांधे दुखण्यापासून ते अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकतं. वायू बाहेर काढण्याचं काम रक्त करतं, आणि थंडीत कातडीकडे, हातापायांकडे जाणारं रक्त कमी होतं.

अमेरिकन नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग केंद्रानं याची चाचणी घेतली. अहवाल २००७ चा. खोली सुमारे ३७ मीटर. एका गटाला तळाशी थंड पाणी आणि वर येताना गरम. दुसऱ्याला तळाशी गरम आणि वर येताना थंड. पहिला गट तळाशी ७० मिनिटं होता, तरी १५८ डायव्हमध्ये बुडबुड्यांचा आजार दोघांना झाला. दुसरा गट तळाशी फक्त ३० मिनिटं होता, आणि ३२ डायव्हमध्ये सात जणांना झाला. साधारण एक टक्का आणि बावीस टक्के. सगळा फरक पाण्याच्या तापमानाचा. आणि त्यांचं ‘थंड’ पाणी किती अंशांचं होतं माहीत आहे? २७. म्हणजे आपल्या अंदमानसारखं. ‘गरम’ होतं ३६.

सुट्टीत जाऊन साधा डायव्ह करणाऱ्यानं यानं घाबरून जायचं कारण नाही. ते डायव्ह लांब आणि कठीण होते. पण तांत्रिक डायव्हरसाठी धडा स्पष्ट आहे : तळाशी अति गरम राहू नका आणि वर येताना थंड पडू नका. ऊब ही चैन नव्हे, डीकम्प्रेशनचा भाग आहे. आजकाल बॅटरीवर चालणारी गरम बंडी मिळते. तिनंच आर्गॉनची बरीचशी गरज कमी केली आहे. पण ती उतरतानाच पूर्ण तापवून ठेवली आणि वर येताना बॅटरी संपली, तर तुम्ही नेमका त्या बावीस टक्केवाल्या गटाचा कित्ता गिरवला. म्हणून बंडी वर येतानासाठी राखायची, आणि ती बंद पडली तरी निभेल एवढा पोशाख अंगावर ठेवायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे वेल्डिंगच्या कारखान्यात काम करणाऱ्यांनीही ऐकावं. त्या छोट्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन अजिबात नसतो. चुकून त्यातून श्वास घेतला तर काय होईल? गुदमरल्यासारखं वाटेल आणि आपण सावध होऊ, असं वाटतं ना? तसं होत नाही. “श्वास हवा, श्वास हवा” ही तगमग ऑक्सिजन कमी झाल्यानं होत नाही, कार्बन डायऑक्साइड साठल्यानं होते. आर्गॉन घेताना कार्बन डायऑक्साइड नेहमीसारखा बाहेर पडत राहतो. शरीराला सगळं ठीक वाटतं. काही श्वासांत, काही सेकंदांत शुद्ध हरपते. पाण्याखाली शुद्ध हरपणं म्हणजे मरण.

म्हणून नियम कडक आहेत. आर्गॉनच्या सिलिंडरला तोंडात धरायचा रेग्युलेटर कधीही लावायचा नाही, फक्त सूटची नळी. बाकी सिलिंडरांवर तोंडाचा रेग्युलेटर असतो, आतला दाब वाढला तर तो तिथून सुटतो. इथे ती वाट नसते, म्हणून जादा दाब सोडणारी वेगळी झडप हवीच, नाहीतर नळी फुटते. सिलिंडरवर मोठ्या अक्षरांत नाव हवं. रंगावर भिस्त ठेवू नका. आपल्याकडे औद्योगिक आर्गॉनचा सिलिंडर निळा असतो, दुसऱ्या देशात खूण वेगळी. आणि तो भरताना, हाताळताना, गाडीत ठेवताना श्वासाच्या सिलिंडरांपासून लांब.

कारखान्यातही हाच वायू हाच डाव खेळतो. आर्गॉन हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड. टाकीत, खड्ड्यात, तळघरात वेल्डिंग करताना गळला तर तळाशी साठतो. वास नाही, रंग नाही. एक माणूस आत कोसळतो, दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही कोसळतो. अशा जागी आधी वारा खेळवा, ऑक्सिजन मोजा, बाहेर माणूस उभा ठेवा, आणि कुणी पडलाच तर श्वसनाचं साधन असल्याशिवाय मागे उडी घेऊ नका.

तर मूळ प्रश्न : आर्गॉन घ्यायचा का? मी क्रम सांगतो, त्या क्रमानं खर्च करा. पहिलं, मापात बसणारा, न गळणारा सूट. ओली रजई कितीही जाड असो, ऊब देत नाही. दुसरं, चांगला पोशाख, जो दाबाखाली चपटा होत नाही. तिसरं, हातमोजे आणि डोक्याची टोपी. चौथं, सूटमध्ये पुरेसा गॅस. गॅस वाचवायला सूट आवळलेला ठेवणारे पुष्कळ दिसतात. तो दबलेला कापूस आहे, त्यात आर्गॉन भरून उपयोग नाही. पाचवं, ट्रायमिक्सच्या डायव्हला सूटसाठी हेलियमविना वेगळा सिलिंडर. त्यात साधी हवा असली तरी चालेल. हे सगळं झाल्यावर, पाणी फार थंड असेल, डायव्ह लांब असेल, आर्गॉन सहज मिळत असेल आणि चमूतल्या प्रत्येकाला तो सिलिंडर कुठला हे ठाऊक असेल, तर जरूर घ्या.

कालच एकानं विचारलं, “मग मी डिसेंबरात जातोय, पहिल्यांदाच ड्रायसूट, काय घेऊ?” मी म्हटलं, लोकरीचे दोन जोड घे आणि हातमोजे घालून बकल उघडायची सवय घरीच कर. सिलिंडरचं पुढच्या वर्षी बघू.